रुसलेल्या सुनेची टोपली

दिग्रसच्या एस्टी स्टँडवर तुपाचा असा वास सुटला, का यवतमाळची गाडी लागली तरी अर्धी लाइन टोपलीकडंच पाहून राह्यली होती. खोटं वाटन, पन मी तिथंच होती.

"काय वं गोदाबाई, येवढी टोपली कोनासाठी?" म्या इचारलं.

"सुनेसाठी. महिना झाला, रुसून माहेरी बसली."

"काहून?"

"नानकटाई करून राह्यली होती. मी म्हनलं, येवढं तूप तुह्या बापानं पाठवलं काय?"

"अवं माय! मंग ते कायले राह्यते?"

"आता मैदा दोनदा चाळला, साखर जात्यावर दळली, घरच्या लोन्याचं तूप कढवलं, इलायची कुटली, अन् टोपलीभर नानकटाई भाजली."

"म्हंजे माफी मांगाले चालली."

"हट! सासू हावो मी. टोपली देईन, चहा पिईन, वापस येईन."

"अन् सून?"

"ते येते मागून. खाली-वर इस्त्याचे निखारे ठेवून नानकटाई भाजाचा तिचा डबा म्या घरीच ठेवला."

"डबा तं यवतमाळातही भेटते, बाई."

"भेटते नं. पन तिले वापस याले काही बहाना नको काय?"