पोरगी शब्द विसरली

...आन् वर सगळे त्या मल्हारीलाच सांगत्यात, गाव हाय, समजून घ्यायचं असतं. आता तुमाला सांगतो, समजून घ्यायचं काम ह्या एकट्या माणसाला कुणी नेमून दिलंय का? रांजणगावला कंपनीत तीन-तीन शिफ्टा समजून घ्यायच्या, सुपरवायझर समजून घ्यायचा, घरी आलं की गाव समजून घ्यायचं... मग गावानं काय समजून घ्यायचं? पंगत कवा बसती ते?

म्हंजी बघा. त्याची पोरगी, तेजश्री. नऊ वर्षं पहाटेची यष्टी धरून शिरूर, तिथनं पुणं, असं करत गाणं शिकली. शास्त्रीय. आन् गाव काय म्हणायचं? "काय मल्हारी, पोरगी अजून आ-आच करती व्हय? बाराखडीत पुढं सरकना का?" ह्यानं हसून घ्यायचं. हसायचं, आन् कंपनीच्या बसमधी माझ्याशेजारी बसून पोरीच्या वहीतलं घोकत राह्याचं. ध्रुपद सगळ्यात जुनं, पखवाजावरचं, भारदस्त. बडा ख्याल म्हंजी सावकाश, एकेक सूर निवांत उलगडायचा, घाई केली की इस्कोट. छोटा ख्याल त्याच्या मागनं, जलद. ठुमरीत लाडीगोडी. आन् तराणा... तराण्यात शब्दच न्हाईत, नुसतं तोम तनन दिर दिर देरेना. पुढच्या सीटवरचा बिहारी गडी मागं वळून विचारायचा, "चाचा, ये कौन सी दवाई है?" तुमाला सांगतो, मलासुद्धा सगळं पाठ झालं, आन् मी तर झोपायला बघत व्हतो.

का घोकायचं? तर म्हणायचा, "पोरगी आठ तास त्यात असती. मला तिच्याशी बोलायला तरी यायला नको?" घ्या. बाप हाय.

तर विषय व्हता खोलीचा. शाळंमागं पंचायतीची एक खोली पडून हाय. तिथं गाण्याचा क्लास काढायचं पोरीच्या मनात. न्हाई मिळाली, तर सोमवारपास्नं कंपनीत पॅकिंगला उभी राह्याची, तिचा फॉर्मबी भरून झालेला. मल्हारी गेला हौसरावांकडं. गावात त्यांच्याबिगर पान हलत न्हाई. ते म्हणले, "देऊ की खोली. आधी गावाला ऐकू तर दे. उत्सवात एक तास तुझ्या पोरीला."

मल्हारी हरखला. एका कागदावर झकास अक्षरात लिहून काढलं, आधी बडा ख्याल, मग छोटा, मग तराणा, आन् प्रत्येकाखाली दोन वळी, हे काय असतं, कसं ऐकायचं. कागद दिला रविराजला. रविराज म्हंजी हौसरावांचा पुतण्या, माईक त्याच्याच हातात असतो. रविराजनं कागद घेतला, उलटा केला, आन् पाठीमागं सत्काराची नावं लिहिली.

संध्याकाळी मंडप भरला. दौंडचा तबलजी बसला, तंबोरा जुळला, पोरीनं डोळे मिटून यमनचा सूर लावला. सावकाश. बडा ख्यालच त्यो, सावकाशच असणार ना? पाच मिनिटं झाली तर मागनं कुणीतरी, "माईक चांगला हाय, आता सुरू करा!" रविराजला वाटलं, हिची अजून तयारीच चाललीय, तवर सत्कार उरकून घेऊ. उठला, आन् तिच्या तोंडापुढचाच माईक उचलला की.

मग काय... शाल, श्रीफळ, टोपी. सोसायटीचे आजी, सोसायटीचे माजी, मंडपवाला, मंडपवाल्याचा मेव्हणा. जो उठंल त्यो तंबोऱ्यावरनं ढांग टाकून चाललाय. पोरगी तशीच मांडी घालून. मल्हारी ताडकन उठला, तर त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं, सदरा धरून खाली वढला. "बसा गप. गाव हाय, समजून घ्यायचं."

राह्यली बारा मिनिटं. हौसराव म्हणले, "पोरी, ते मोठं राहू दे, एखादं बारकं घे. भात निवतोय." पोरीनं बापाकडं बघितलं, आन् सरळ तराणा धरला. आता मी काय जाणता न्हाई, पण खरं सांगतो, अंगावर काटा आला. तबलजीला घाम फुटला, आन् ही दिर दिर दिर दिर सुटलीय नुसती...

आन् पुढच्या रांगंत हौसरावांची मालकीण, कस्तुराबाई, पदर डोळ्याला लावून, "अगं बया, शब्द विसरली गं लेकरू. कशी भेदरलीय बघा." झालं. मंडपभर तेच. भजनातले एक म्हातारबा तर काकुळतीला येऊन सांगत्यात, "इठ्ठल इठ्ठल म्हण पोरी, आठवंल." मग सगळ्या गावानं धीर द्यायला टाळ्या धरल्या, त्याबी ठेका सोडून. शेवटी तिला बक्षीस दिलं. स्टीलचा डबा, वर चिठ्ठी, उत्तेजनार्थ. एकटीच गायली व्हती हो! एकटीत उत्तेजनार्थ.

बरं, ह्यात कुणाचा वाईट हेतू व्हता का? न्हाई. तेच तर वाईट हाय. शिव्या दिल्या असत्या तर उलट दोन देता आल्या असत्या. मायेला काय उत्तर देणार? गाव हाय.

दुसऱ्या दिवशी गेलो हौसरावांकडं, मी संगं व्हतो. ते म्हणले, "मल्हारी, पोरगी गुणाची हाय. पण तिचंच तिला पाठ न्हाई, ती दुसऱ्याच्या पोरांना काय शिकवणार?" मल्हारीनं तोंड उघडलं. मला ठावं व्हतं आत काय भरलंय. नऊ वर्षांचं वझं व्हतं ते, नुसतं बाहेर काढायचं. त्यानं एकदा हौसरावांकडं बघितलं, एकदा टेबलावरच्या खोलीच्या किल्लीकडं. आन् मान खाली घातली. "व्हय आबा. विसरली. भ्याली व्हती. पाठ करून घेतो तिच्याकडनं."

"बघ, चूक कबूल केली की मार्ग निघतो," म्हणत हौसरावांनी किल्ली सरकवली.

घरी आलो. किल्ली बघून पोरीचा विश्वासच बसंना. म्हणाली, "आप्पा, काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

मल्हारी चपला काढत म्हणला, "काय न्हाई. तराणा समजावून सांगितला. पटला त्यास्नी."