सगळ्यात वरची सही

सून : ...काय सांगू मास्तर, आज दुपारी बाळ सलग दोन तास झोपलं! जन्मल्यापासून पहिल्यांदा. माझाही डोळा लागला. देव तुमचं भलं करो.

मास्तर : माझं कसलं श्रेय, ताई? अर्ज तुमचा. दारोदार फिरून चाळीस सह्या तुम्हीच आणल्यात. सकाळी वायरमन आला आणि रेल्वे क्रॉसिंगवरची घंटी काढून घेऊन गेला. आता नुसता लाल दिवा.

सून : कानांना केवढं बरं वाटतंय!

मास्तर : मला मात्र चुकचुकल्यासारखं होतंय. विजेची गाडी, मांजरासारखी येते. या केबिनमध्ये बसून मलाच पत्ता लागत नाही.

सून : होईल सवय. आमचे मामंजी दिसले का? चहा ठेवलाय.

मास्तर : दाढी करायला गेलेत पलीकडे. रुळांवर पाय टाकण्याआधी मला हात केला, रोजच्यासारखा. जाताना एकदा, येताना एकदा. या वयात नजर काय तेज आहे हो!

सून : नजर कसली! वर्ष झालं, काहीच दिसत नाही. काठी घ्या म्हटलं की अंगावर येतात. तुम्ही कुठं बसता ते पाठ आहे त्यांना, म्हणून हात करतात. लोकांना कळू नये ना!

मास्तर : अरे देवा! मग रूळ कसे ओलांडतात?

सून : कानांनी. घंटी वाजतेय तोवर थांबायचं, आणि वाजत नसली की...



मास्तर : घंटी काढली ते त्यांना ठाऊक असेल ना? अर्जावर सही आहे त्यांची. सगळ्यात वर.

सून : हात धरून मीच करवून घेतली. कसला कागद गं, म्हणून विचारलं त्यांनी. म्हटलं, सोसायटीचा आहे, करा. घंटी बंद करू दिली नसती त्यांनी.

मास्तर : गाडी यायची वेळ झालीय. ड्रायव्हरला सांगतो. हॅलो! वळणावरच थांबवा! हॅलो? ...वळणावर आवाज तुटतो नेहमी. तुम्ही खिडकीतून बघा, आजोबा कुठायत?

सून : दुकानाबाहेर आले. निघाले.

मास्तर : मग हाक मारा! धावून पोचता यायचं नाही.

सून : नको! लांबून शब्द कळत नाहीत त्यांना. नुसता आवाज कळतो, आणि आवाज आला की त्या रोखानं सरळ चालत येतात.

मास्तर : शिटी मारू?

सून : तुमची शिटी म्हणजे गाडी सुटली, असं धरतात ते.

मास्तर : हॅलो! ब्रेक मारा! हॅलो! ...काय करताहेत?

सून : रुळांपाशी थांबलेत. कान देऊन उभे आहेत.

मास्तर : दिवा?

सून : लाल.

मास्तर : थांबतील हो. एवढ्या वर्षांची सवय आहे. थांबतील.

सून : मास्तर, त्यांनी तुम्हाला हात केला.