खुरांची वाट

आष्टीच्या स्टँडवर वच्छलाबाईंचा एक कान एसटीकडं होता. दुसरा मागच्या बाकावरच्या दोन मेंढपाळांनी कधी ओढून घेतला, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"सटवा, सोसायटीचं व्हणारं गोदाम गायरानातून हटलं म्हणं?"

"हटलं. पलीकडच्या माळावर चाललंय."

"कामून रं? जागा तर मोकळीच व्हती."

"सगळे तसंच म्हणायचे, बंकट. मंग मोजणीवाल्या बाईंनी ड्रोन उडवलं, नकाशा केला आन् ग्रामसभेत पडद्यावर लावला. गायरानातून थेट तळ्यापस्तोर पांढरी रेघ!"

"कशाची?"

"बाईच म्हणल्या, ही मेंढरांची वाट हाय. दुष्काळात पाण्याला जायची हीच एक, आन् गोदाम बरुबर तिच्यावर यायलंय."

"वरून वळखली? लई हुशार बाई!"

"चेअरमन म्हणले, वाटेचा कागद दाखवा."

"आपल्याकडं कुठला कागद?"

"बाईंनी पडद्याकडं बोट केलं. म्हणल्या, हा काय."

एसटी लागली. वच्छलाबाई पिशवी धरून बसूनच राहिल्या.

"मंग गोदाम हटवायच्या ठरावावर आंगठा उठवलास का न्हाई?"

"उठवला की. पर माझ्या आंगठ्याचं काय घेऊन बसलास? आज्याच्या काळापासून मेंढरांनी खुरं उठवलीत."