अम्मी गावी गेल्या की भरतो

हमीदा : सोळा वर्षं संसार केला हिनं माझ्या अक्रमशी, आणि नवऱ्याकडून एक ओळ लिहून घेता आली नाही. अशी कसली बायको, गनी?

गनी : अम्मी, हळू बोल. भाबी किचनमध्ये आहेत.

हमीदा : ऐकू दे की. अक्रम गेल्यापासून सहा महिने तोंडावरच बोलतेय, आता काय लपवायचं? तुझा वकील फोनवर काय म्हणाला ते सांग. इंग्लिश नको घुसडू.

गनी : भाई नऊ वर्षं अमेरिकेत होता ना, तेव्हाचं ते रिटायरमेंटचं अकाउंट. नॉमिनीची जागा कोरी आहे. भाबींचं नाव असतं तर अकाउंट त्यांचं झालं असतं. म्हातारपणापर्यंत हवं तसं थोडं थोडं काढलं असतं. नाव नाही, म्हणून सगळं इस्टेटीत गेलं, त्याच्या मागे राहिलेल्या बाकी मालमत्तेत. पाच वर्षांत रिकामं करायचं. एकदम मोठी रक्कम काढली की तिकडचा टॅक्सही मोठा बसतो.

हमीदा : किती जाणार?

गनी : नुसत्या ह्या कोऱ्या जागेपायी आपले इथले पन्नासेक हजार दिरहम. म्हणजे बारा लाख रुपये.

हमीदा : माझ्या नातीच्या, एमानच्या पुढच्या कॉलेजची एका वर्षाची फी गेली म्हण की. ये बिलकीस, ठेव तो चहा. ऐकलंस ना?

बिलकीस : ऐकलं, अम्मी.

हमीदा : मग बोल काहीतरी. अशी भिंतीसारखी उभी राहू नकोस. आठवण नाही करून दिलीस त्याला?

बिलकीस : साखर कमी घातलीय तुमच्या कपात.

हमीदा : मी साखरेचं विचारलं का?

गनी : भाबी, खरंच, भाई असा विसरणारा नव्हता. गाडीच्या इन्शुरन्सची तारीख तोंडपाठ असायची त्याला.

बिलकीस : विसरले नव्हते. फॉर्म भरला होता त्यांनी.

गनी : मग गेला कुठे?

बिलकीस : जाऊ दे ना गनीभाई. खलास झालं ते.

हमीदा : गनीनं विचारलंय. मीही विचारतेय.

बिलकीस : रमजान होता. एमान दुसरीत होती. फॉर्म ह्याच टेबलावर होता, सकाळी पाठवायचा म्हणून. तुम्ही एमानला विचारलंत, ह्यात काय लिहिलंय? तिनं वाचून दाखवलं. डॅडी मेल्यावर पैसे कोणाला, असं.

(हमीदा कप खाली ठेवते.)

हमीदा : सिंकमध्ये टाकला मी तो. वरून नळ सोडला.

बिलकीस : हो.

हमीदा : रमजानात माझ्या जित्या पोराच्या मरणाचा कागद घरात नको, म्हणाले होते मी.

बिलकीस : ते हसले नुसते. मला म्हणाले, अम्मी गावी गेल्या की दुसरा भरतो.

हमीदा : आणि मी गावी गेलेच नाही.

बिलकीस : तुमचे गुडघे दुखायचे.

गनी : भाबी, सहा महिने तुम्ही हे ऐकून घेतलंत? एकदा तरी सांगायचं होतं.

बिलकीस : त्यांनीच नको म्हटलं होतं. अम्मीसमोर पुन्हा ती गोष्ट काढायची नाही, तिच्या जिवाला लागेल. आता ते नाहीत, तर मी कशाला काढू?

हमीदा : गनी, तुझ्या कंपनीतही असला कागद असेल.

गनी : आहे.

हमीदा : नाव कोणाचं?

गनी : कोरा आहे. तूच म्हणायचीस, असलं काही लिहायचं नाही.

हमीदा : उद्या घेऊन ये. तुझ्या बायकोला इथे बसव आणि माझ्यासमोर भर. मी नळाकडे जाणार नाही.

गनी : बरं.

हमीदा : आणि तू, उभी का? बस. इकडे, माझ्यासमोर. कागद मी भिजवला, बिलकीस. तू माझ्या पोराची चांगली बायको होतीस. हे मी एकदाच बोलणार आहे, नीट ऐकून घे.