वाऱ्याच्या भावाची वीज

'मंगळवारी बोलव त्यांना!' म्हणे आमचे बाबा! आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे यायला निघालेल्या पाहुण्याबद्दल असं कुणी म्हणतं का? थांबा, आधी माफी मागतो. हे सगळं कागदावर लिहून आणलंय आणि शाळा मी लवकर सोडली, त्यामुळे अक्षरं कुठे एक जास्त, कुठे एक कमी पडलीयेत. ती तुम्हाला ऐकू येणार नाहीत, तेवढं बरंय. शब्दही साधेच आहेत. पण तक्रार खरी आहे.

तुम्हाला सांगतो, विजेचे दर दोन. एक ठरलेला, दोन वर्षं तोच, बाहेर काहीही होवो. दुसरा बाजारभावाचा, रोज वेगळा. वारा सुटला, पवनचक्क्या फिरल्या की स्वस्त. कडाक्याची थंडी आणि हवा ढिम्म, की भाव आभाळाला! उद्याचा भाव आज दुपारी मोबाइलवर येतो. रोजचा दर घेऊया असं म्हणालो मी. बाबा म्हणाले, 'वीज म्हणजे काय मासळी आहे, रोज भाव विचारायला?' तरी घेतला, आणि महिन्याभरात तेच असे नादावले, की डोळे उघडले की पहिला प्रश्न, 'आर्तू, वारा आहे का?'

बाबा, कॉफी टाकू? 'वारा आहे का?' बटाटे उकडू? 'वारा आहे का?' वारा आला की आठवड्याचे बटाटे एकदम उकडायचे, कॉफी थर्मासात भरायची, आणि मग कोमट कॉफी, गार बटाटे, कोमट कॉफी, गार बटाटे... तेही सोसलं हो! पण सौना? शनिवारचा सौना?

फिनलंडमधल्या आमच्या कुहमो गावात शनिवारी संध्याकाळी घरोघरी सौनाचे, म्हणजे वाफेच्या न्हाणीचे, दगड तापतात. आणि आमचे बाबा बोलतात तेच मुळी तिथे! घरात 'हुं', अंगणात 'हुं', पण वरच्या फळीवर उघडेबंब बसून दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली, की दोन-तीन वाक्यं येतात. आठवड्याची बेगमी! आता सौनाही वाऱ्यावर. मी कामावर असताना भरदुपारी बाबा एकटेच वाफेत बसणार, म्हणजे माझी ती दोन-तीन वाक्यंही गेली. लाकडाची भट्टी असती तर प्रश्नच नव्हता, पण ती यांनीच काढून विजेची बसवली. का? तर लाकडं कोण फोडणार!

अशात सान्नी, माझी होणारी बायको, म्हणाली, 'शनिवारी माझे बाबा येतायत. मी लग्न करून जिथे राहणार ते घर बघायचंय त्यांना. तू जास्त बोलू नकोस...' हे मला सांगायला हवं होतं का? '...फक्त सौना चांगला तापव. त्यावरून ते माणूस ओळखतात. आवडलं नाही तर तोंडाने बोलणार नाहीत, पण परत येणार नाहीत.'

झालं! शनिवार उजाडला तोच हाडं गोठवणारा. धुराड्यांतून धूर सरळ वर, दोरीने ओढल्यासारखा. बाबांनी मोबाइलवर आधी भाव, मग हवामान बघितलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, 'मंगळवारी बोलव त्यांना. मंगळवारी वारा आहे.'

'बाबा, ते निघालेत!'

'हुं.'

आले. रायमो, सान्नीचे वडील, दारात मावेना असा माणूस. एका काखेत टॉवेल, दुसऱ्या हातात सौनात भाजायला सॉसेज. बसले. बाबांनी थर्मासातली कॉफी ओतली. रायमोंनी घोट घेतला, कपात बघितलं. 'हुं.' बाबा म्हणाले, 'हुं.' मग मीही म्हणालो. किती वेळ म्हणावं पण माणसाने?

शेवटी रायमो म्हणाले, 'सौना?'

'मंगळवारी,' बाबा म्हणाले.

'आज शनिवार आहे, कालेर्वो.'

'वारा नाही.'

रायमोंनी टॉवेलची घडी घातली, अगदी सावकाश, आणि टोपीला हात घातला. सान्नीने माझ्याकडे बघितलं. ते बघणं... जाऊ दे. मी आयुष्यात बाबांना उलट बोललो नव्हतो. उठलो.

'कुठे?'

'सौना लावायला.'

'आर्तू, वारा आहे का?'

'नाही बाबा. शनिवार आहे.'

माझा आवाज होता तो! मलाच ओळखू येईना!

तासाभराने आम्ही तिघं वरच्या फळीवर, घामाने निथळत. रायमोंनी विचारलं, 'माझी पोरगी भाव बघून कॉफी पिणार का रे?'

'नाही. उद्याच ठरलेला दर घेतो.'

'हुं,' रायमो म्हणाले. पण हा 'हुं' वेगळा होता, तुम्हाला सांगतो! सॉसेजचा मोठा तुकडा माझ्याच हातावर ठेवला त्यांनी.

बाबांनी डावभर पाणी दगडांवर ओतलं. वाफ उठली. मग म्हणाले, 'शनिवारचं बरं असतं.' आणि थोड्या वेळाने, 'तुझी आईही ऐकायची नाही कुणाचं.'

दोन वाक्यं! मी तर तिथेच भरून पावलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाव न बघता ताजी कॉफी केली, मोबाइल उघडला आणि दोन वर्षांसाठी ठरलेला दर घेतला. बटणावरचं बोट उचललं मात्र... खिडकी थडथडली. अंगणातलं फाटक धाडकन आपटलं. बर्चची झाडं कमरेत वाकली. मंगळवारचा वारा दोन दिवस आधीच हजर!

बाबा येऊन शेजारी उभे राहिले. गरम कॉफीचा घोट घेतला, बाहेर बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले,

'आर्तू, वारा आहे.'