बाजू बदलणाऱ्या दाराची पूर्ण हकीकत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारखान्याचे संचालक आदरणीय साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या ड्रॉइंग विभागाच्या प्रमुख, ज्यांना अख्खा कारखाना मॅडम म्हणतो आणि मी एकटा बाई म्हणतो, त्या आमच्या बाई. बाईंचे यजमान, ज्यांच्या संयमाचाही आज सत्कार व्हायला हवा होता. बाईंची लेक आणि जावई. ऑफिसातली सर्व मंडळी. प्रेस, वेल्डिंग, रंगकाम आणि जुळणी विभागातले माझे सहकारी. आणि मागे दाराशी उभं राहून जेवणाची तयारी कुठवर आली याकडे एक डोळा ठेवणारे माझे परममित्र, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मला सात मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक नमस्कारातच गेलं, त्याबद्दल त्यांची आधीच क्षमा मागतो. तशी मला भाषणाची सवय नाही. छत्तीस वर्षं मी प्रेस विभागात आहे. तिथं बोलायचं म्हणजे ओरडायचं, कारण मशीन आपल्याहून मोठ्यानं बोलत असतं. त्यामुळे माझा आवाज चढला तर मी रागावलोय असं समजू नका.

समारंभ समितीनं मला सांगितलं, "दादा, तुम्ही ती पाण्याच्या चाचणीची गोष्ट सांगा." ती गोष्ट इथं कुणाला माहीत नाही? नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेल्मेट देतात, बूट देतात आणि ही गोष्ट देतात. मॅडमचं दार पाण्यात नापास झालं आणि प्रेसच्या दादांनी ते वाचवलं, अशी ती गोष्ट. मी ती आज सांगणार आहे. फक्त आजवर ती अर्धीच सांगितली गेली. उरलेली अर्धी मला एकट्याला माहीत आहे, आणि बाई इथून जायच्या आत ती मला त्यांच्यासमोर आणि तुमच्यासमोर सांगायची आहे. मी सकाळपासून पाणी पितोय ते त्यामुळेच.

आधी 'बाई' कशा झाल्या ते सांगतो. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या पट्टी घेऊन प्रेसवर आल्या. मी नुकतीच केलेली पेटी त्यांनी मोजली, आणि लाल पेन्सिलीनं तिच्यावर 'दीड मि.मी.' असं लिहून भोवती गोल केला. शाळा सुटल्यापासून मला कुणी लाल रंगात तपासलं नव्हतं. मी म्हटलं, "काय बाई, अंगठे धरून उभं राहू का?" त्या म्हणाल्या, "नको, पेटी पुन्हा करा." झालं. त्या दिवसापासून त्या बाई आणि मी विद्यार्थी.

पाहुण्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपण इथं पेट्या बनवतो. पंपाचे स्टार्टर, स्विच, मीटर अशा उपकरणांना धूळ-पाण्यापासून जपणारी पत्र्याची पेटी आणि तिला एक दार. पूर्वी या दाराच्या बिजागऱ्या डाव्या अंगाला कायमच्या वेल्ड केलेल्या असायच्या. कुणाला उजवीकडे हव्या असल्या तर त्याचं वेगळं ड्रॉइंग, वेगळी पेटी. आणि गोदामात नेहमी नको ती पेटी शिल्लक. एकदा एका इस्पितळाच्या तळघरात आपली पेटी कोपऱ्यात बसवली. दार उघडलं की भिंतीवर आपटायचं आणि जेमतेम वीतभर फट राहायची. तिथला वायरमन दाढीचा आरसा आत धरून जोडण्या बघायचा. बाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि परत आल्या त्या एक वाक्य घेऊनच. "पेटी एक, दार एक, आणि ज्याला ज्या बाजूला हवं त्यानं त्या बाजूला लावावं."

कल्पना काय होती? पेटीला दोन्ही अंगांना बिजागरीच्या जागा करायच्या. बिजागरीच्या दोन पिना काढायच्या, दार स्टिअरिंगसारखं अर्धा फेरा फिरवायचं, म्हणजे डावी कड उजवीकडे जाते आणि वरची कड खाली येते, आणि पिना पुन्हा बसवायच्या. कुलूप बरोबर मध्यावर, त्यामुळे ते आपोआप दुसऱ्या बाजूला हवं तिथंच येतं. हत्यार काय, तर एक स्क्रूड्रायव्हर. आज आपण दुसरं काही बनवतच नाही, म्हणून तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. चोवीस वर्षांपूर्वी थोरल्या मालकांनी, म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या वडिलांनी, हे ऐकून हातातला चष्मा टेबलावर ठेवला होता.

आणि मी? मी आनंदानं टाळ्या वाजवल्या असतील असं तुम्हाला वाटेल. मंडळी, माझं पोट दुखलं.

का ते सांगतो. आमची जुनी पेटी कधीही गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, नसायची. एक कोपरा इकडे, एक तिकडे. पण आम्ही दार हातात धरायचो, एक डोळा मिटायचो, जिथं नीट बसेल तिथं धरून ठेवायचो आणि वेल्डरमामा बिजागरी चिकटवायचे. दार असं बसायचं की काय सांगू. वाकड्या पेटीला सरळ दार बसवणं ही माझी विद्या होती, आणि त्या विद्येवर मी बारा वर्षं मिशीला पीळ देत फिरत होतो. (तेव्हा मिशी होती.) बाईंच्या पेटीला ही विद्या नकोच होती. तिथं चारही कोपरे मापात हवेत, भोकं मापात हवीत, कारण दार दोन्ही बाजूंना बसलं पाहिजे. डोळा मिटायची सोयच नाही. मला वाटलं, या बाईनं एका कागदात माझी बारा वर्षं पुसून टाकली.

नमुन्याची पेटी करायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. दारात हवा खेळावी म्हणून लूव्हर होते. लूव्हर म्हणजे पत्र्यात पाडलेली फट आणि तिच्यावर पुढे आलेली पत्र्याचीच पापणी, तोंड खाली. पाऊस पापणीवरून ओघळून जातो, हवा आत जाते. बाईंनी ते दाराच्या वरच्या आणि खालच्या भागात सारखेच काढले होते, म्हणजे दार फिरवलं तरी तसंच दिसेल. कागदावर लूव्हर म्हणजे एक लांबट चौकोन. बाईंनी म्हणे कागद उलटा धरूनही पाहिला होता. चौकोन उलटा केला तरी चौकोनच दिसणार ना?

आता पहिल्या अर्ध्या गोष्टीकडे येतो, तुम्हाला माहीत असलेल्या. चाचणीचा दिवस. गिऱ्हाइकाकडचे तपासणीसाहेब आले. दोनशे पेट्यांची ऑर्डर त्यांच्या हातात होती. पेटीत कोरा कागद ठेवला, दार बंद केलं आणि बाहेरून दहा मिनिटं पाइपानं पाणी मारलं. दार डावीकडे असताना कागद कोरडा ठणठणीत. मग बाईंनी स्वतः पिना काढल्या, दार फिरवलं आणि चार मिनिटांत उजवीकडे बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुन्हा पाणी मारलं. दार उघडलं तर आत कागद कुठं आणि पाणी कुठं ते कळेना! सगळ्या पापण्यांची तोंडं आता वर झाली होती आणि त्या ओंजळीनं घ्यावं तसं पाणी आत घेत होत्या. तपासणीसाहेब म्हणाले, "ही पेटी आहे की हौद?" लोक हसले. बाई हसल्या नाहीत. थोरले मालक एवढंच म्हणाले, "आठ दिवस. नाही जमलं तर जुनीच पेटी, आणि ड्रॉइंगं यापुढे बाहेरून घेऊ." ड्रॉइंग विभाग म्हणजे तेव्हा बाई आणि एक टेबल. याचा अर्थ काय, हे सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रेसवर आल्या. मला वाटलं, आता माझ्यावर ढकलतील. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, "दारातले लूव्हर काढा. पेटीच्या दोन्ही कुशींना पाडा. पेटी कुठं फिरते? फिरतं ते दार." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे दाराला वर-खाली कळताच कामा नये." बस्स. पाचव्या दिवशी नवा नमुना झाला, सातव्या दिवशी पास झाला. थोरल्या मालकांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. तुमची गोष्ट इथं संपते.

आता माझी अर्धी.

चाचणीच्या पंधरा दिवस आधी मी प्रेसवर त्या दारात लूव्हर पाडत होतो. कागद कसाही धरला तरी सारखा दिसतो, पत्रा नाही दिसत. बाजू बदलण्यासाठी मी तो पत्रा हातात फिरवला आणि सगळ्या पापण्या माझ्याकडे तोंड वासून उभ्या राहिल्या. एका क्षणात कळलं की हे दार उजवीकडे लावलं तर पाणी पिणार. ड्रॉइंगचं ऑफिस तिथून तीस पावलांवर. जाऊन एक वाक्य बोललो असतो तर काम झालं असतं. मी पत्रा पुन्हा सुलटा केला, उरलेले लूव्हर पाडले आणि चहाला गेलो.

मी मुद्दाम गप्प बसलो. विसरलो नाही, मला शंका होती असंही नाही. बाईंनी चारचौघांत तोंडावर पडावं, असं मला वाटत होतं. त्या पडल्या, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत उभा होतो आणि पहिला एक क्षण मला बरं वाटलं. मग त्यांच्या ओल्या चपला दिसल्या, पदरानं त्या पेटी पुसत होत्या, आणि त्यानंतर चोवीस वर्षं बरं वाटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी जे उत्तर फटकन दिलं, ते माझ्याकडे पंधरा दिवस तयार होतं. पाठीवरची ती थाप माझी नव्हती.

थांबा, मंडळी. अजून आहे. वेल्डरमामा, तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे.

त्या चाचणीनंतर बाईंनी एक पद्धत सुरू केली. कुठलंही नवं ड्रॉइंग असो, आधी पुठ्ठ्याची पेटी करायची, ती घेऊन प्रेसवर यायचं आणि माझ्या हातात ठेवून विचारायचं, "दादा, फिरवून बघा, काय खटकतंय?" तुम्ही सगळे त्याला 'मॅडमचा पुठ्ठा' म्हणता. मी चोवीस वर्षं मनात म्हणत आलो, बिचाऱ्या बाईंचा त्या दिवसापासून स्वतःवरचा भरवसा उडाला. आणि ते माझं पाप आहे असं समजून मी प्रत्येक पुठ्ठा अगदी जीव ओतून तपासला.

गेल्या मंगळवारी बाईंचं कपाट रिकामं करायला मी गेलो होतो. नकाशांच्या मागे, भिंतीला लावून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सोडलं तर ते दार! तेच, लूव्हरवालं. बाई तेव्हा खाली चहाला गेल्या होत्या. मी दार वळवलं. माझी एक सवय प्रेसवाल्यांना माहीत आहे, ज्या पत्र्याला वरची बाजू असते त्याच्या आतून मी एक बाण कोरतो. त्या दाराच्या आत माझा बाण होता. चालता हात, कोरला गेला असणार, माझ्याही लक्षात नव्हतं. दोन्हीकडे लागणाऱ्या दाराला वरचा बाण कोण कोरेल? ज्याला माहीत आहे की याला वर-खाली आहे, तोच. आणि बाणाखाली बाईंच्या अक्षरात, लाल पेन्सिलीनं, चाचणीच्या दिवसाची तारीख होती.

म्हणजे बाईंना त्याच संध्याकाळी कळलं होतं. थोरल्या मालकांना तो बाण दाखवला असता, तर माझी नोकरी गेली असती. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या आणि विचारलं, तुम्ही काय केलं असतं. आणि पुढे प्रत्येक पुठ्ठ्याच्या वेळी विचारत राहिल्या. बाईंचा स्वतःवरचा भरवसा कधीच उडाला नव्हता, हो. मला पुन्हा गप्प बसावं लागू नये, म्हणून तो पुठ्ठा होता.

मी ते दार तसंच गुंडाळून जागेवर ठेवलं आणि बाईंना काही बोललो नाही. म्हटलं, जे सगळ्यांसमोर मिळवलं ते सगळ्यांसमोरच परत करावं.

सात मिनिटं कधीच संपली. अध्यक्षसाहेब, पाहुणे, आपण वेळ दिलात, आपले मनापासून आभार. बाईंच्या घरच्यांनी इतकी वर्षं त्या आम्हाला दिल्या, त्यांचे आभार. बाई, तुम्हाला खूप आरोग्य आणि खूप मोकळे दिवस मिळोत. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते सभागृहानं पोटात घालावं. चोवीस वर्षांपूर्वी जे चुकलं, त्याची माफी मात्र मी फक्त बाईंकडे मागतो. द्यायची की नाही ते त्यांनी ठरवावं. मी इथंच उभा आहे.

काय म्हणता, बाई? माइक घ्या ना. नको? मग मोठ्यानं सांगा, मागं ऐकू येत नाहीये.

ऐकलंत? बाई म्हणताहेत, "आज तुम्ही बोलला नसतात, तर ते दार मी रिक्षात घालून घरी नेणार होते, म्हणजे माझ्यामागं ते कुणाच्या हाती लागलं नसतं. आता खुशाल भंगारात टाका."

टाकतो, बाई. जेवणं झाली की दोघं मिळूनच उचलू, एकट्याला जड आहे ते. बसतो मी.