कुणीच न दिलेला निकाल

आदरणीय अध्यक्ष श्री. लॉर्न हॅगर्ट, व्यासपीठावर विराजमान न्यायमूर्ती आणि मान्यवर पाहुणे, थंडर बेच्या वकीलवर्गातले माझे ज्येष्ठ आणि बरोबरीचे सहकारी, बर्फातून गाड्या काढून इथवर आलेली कुटुंबीय मंडळी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत त्या श्रीमती इर्या लाहतिनेन, सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला सांगितलं, "कोलेट, थोडक्यात बोल, गोड बोल." थोडक्यात बोलण्याचा प्रयत्न मी करीन.

इर्याबाईंनी आपल्या वकील संघाचं ग्रंथालय सांभाळलं, हे तुम्ही जाणताच. त्या स्वतः कायदा शिकलेल्या. वकिली केली नाही, कारण त्यांच्याच शब्दांत, "मला अशिलांपेक्षा पुस्तकं बरी वाटतात, ती रडत नाहीत." दर शुक्रवारी त्यांचं वार्तापत्र आपल्या टेबलावर यायचं. नवे निकाल, बदललेली कलमं, आणि खाली एखादा टोमणा. आपल्यातल्या कितीजणांनी शुक्रवारचं वार्तापत्र वाचून सोमवारी कोर्टात विद्वत्ता मिरवली? हात वर करू नका. मला माहीत आहेत.

पण कौतुक करताना माणसाने केलेलं काम सांगावं लागतं, आणि त्यांचं शेवटचं मोठं काम सांगायचं तर रोझेर लामार्श यांचं नाव घेतल्याशिवाय ते सांगता येत नाही. अध्यक्षमहोदय, मला थोडी मोकळीक द्यावी.

रोझेर कागद गिरणीतून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. नदीजवळच्या एका घराच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात पायरीवरच्या बर्फावरून घसरले, खुबा मोडला, रुग्णालयात पाठोपाठ न्यूमोनिया झाला. घरमालकाने विचारलं, कधी परत येणार? ते म्हणाले, "डॉक्टरलाच माहीत नाही, मी काय सांगू?" भाडं बँकेतून वेळच्या वेळी जात होतं. फेब्रुवारीत कुबड्या घेऊन ते घरी आले, तर किल्ली कुलुपात फिरेना. आत दुसऱ्याच कुणाचा दिवा लागलेला. शेजारणीने त्यांना आत घेतलं, सूप दिलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणलं.

"वकीलबाई," ते मला म्हणाले, "मी घर सोडलं नव्हतं. मी फक्त पडलो होतो."

मला वाटलं, सोपा खटला आहे. पण घरभाड्याच्या न्यायाधिकरणापुढे घरमालकाचे वकील, आपले क्रेग डन्फी, यांनी एक निकाल काढला. हॅल्विन विरुद्ध ऑर्ड. भाडेकरू दीर्घकाळ रुग्णालयात असेल आणि परतण्याची तारीख सांगू शकत नसेल, तर त्याने घर सोडलं असं मानावं. क्रेग समोर बसले आहेत. त्यांनी लबाडी केली असं मी कधीही म्हणणार नाही. त्यांना तो निकाल त्यांच्या संगणकावरच्या नव्या सहायकाने दिला होता, आणि त्यांनी तो एका नामांकित प्रकाशकाच्या निकालांच्या सारसंग्रहात पडताळूनही पाहिला होता.

मी धावत इर्याबाईंकडे गेले. त्यांनी कपाटातून तोच जाडजूड ग्रंथ काढला, पान उघडलं, वाचलं. मग माझ्यासमोर ठेवलं.

"छापलेलं आहे, कोलेट. या मुद्द्यावर तू हरलीस."

"काहीतरी फरक काढता येईल. मूळ निकाल मिळेल का? पूर्ण?"

"मागवते. पण आशा धरू नकोस."

मूळ निकाल आला नाही. ग्रंथात ज्या कोर्टाचं नाव होतं, त्याच्या कार्यालयातून उत्तर आलं की जुन्या फायली गोदामात आहेत, बघून सांगतो. बघेपर्यंत न्यायाधिकरणाने हॅल्विनवर बोट ठेवून रोझेर यांच्याविरुद्ध निर्णय दिला होता. मी अपील दाखल केलं. रोझेर तोवर बेघरांच्या निवाऱ्यातल्या एका खाटेवर आले होते.

उन्हाळ्यात त्या कोर्टाचं उत्तर आलं. असा खटला त्यांच्याकडे कधी दाखलच झाला नव्हता.

इर्याबाईंनी प्रकाशकाला फोन लावला. मी त्यांच्या शेजारी बसले होते. पलीकडचा गृहस्थ अतिशय सभ्य होता. तो म्हणाला, "बाई, ही गोष्ट आम्ही सहसा सांगत नाही. तो निकाल आम्हीच रचलेला आहे. आमचा संग्रह कुणी न विचारता उचलला तर कळावं म्हणून. खोटा निकाल त्यांच्याकडे दिसला की चोरी सिद्ध."

"आणि तो कुणी खरा समजून वापरला तर?"

"त्याचीही काळजी घेतली होती. अगदी किरकोळ लिहिला होता. कुणालाच लागू नये असा."

इर्याबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "मी स्वतः ते पान तुझ्यापुढे उघडलं." एवढंच.

तुम्ही म्हणाल, सत्य सापडलं, आता काय अडचण? मलाही तसंच वाटलं. मी निवाऱ्यात गेले आणि रोझेरना सांगितलं की तो निकाल खोटा होता. ते हसले. म्हणाले, "म्हणजे मला ज्यांनी बाहेर काढलं, ते जन्मलेच नव्हते?" अपिलाच्या सुनावणीआधीच न्यूमोनिया परत आला, आणि ते गेले. मागे कुणी वारस नव्हता. ते चालवायला कुणी नाही म्हणून अपील बंद झालं. न्यायाधिकरणाचा निर्णय जसाच्या तसा राहिला.

त्या शुक्रवारी इर्याबाईंनी वार्तापत्रात पहिल्याच पानावर लिहिलं, सावध राहा, हा खटला अस्तित्वात नाही. ओळखता यावा म्हणून प्रकाशकाचा सारांशही पूर्ण छापला. आणि प्रकाशकाची नोटीस आली. सावधगिरीच्या सूचनेबद्दल नव्हे. सारांश विनापरवाना छापल्याबद्दल. कॉपीराइटचा भंग.

त्यानंतरचं संभाषण अध्यक्षांच्या खोलीत झालं. मी हजर होते, तेव्हा अध्यक्षमहोदय, चुकलं तर दुरुस्त करा.

इर्याबाई म्हणाल्या, "लॉर्न, जो खटला झालाच नाही, त्यावर यांचा हक्क कसा?"

तुम्ही म्हणालात, "झाला नाही म्हणूनच. खरा निकाल न्यायाधीशाचा असतो, त्यावर त्यांना हक्क सांगता आला नसता. हा मात्र त्यांनी मनातून रचलाय. प्रत्येक शब्द त्यांचा. वार्तापत्र मागे घे, इर्या. संघाला ही लढाई झेपणार नाही."

"आणि लोकांना काय सांगू?"

"काहीही सांगू नकोस."

कायद्याच्या दृष्टीने तुमचं म्हणणं बिनचूक असेलही. आजवर मी त्यात चूक शोधते आहे. संघाने वार्तापत्र मागे घेतलं. इर्याबाईंनी त्यावर सही करायला नकार दिला. त्यानंतर काही महिन्यांतच ग्रंथालयाची जागा फार मोठी आहे, हे आपल्या कार्यकारिणीच्या लक्षात आलं. सोमवारपासून तिथे तसल्याच संगणकी सहायकाचा एक पडदा असेल. कपाटं गेली आहेत. भिंतीवर त्यांचे फिकट चौकोन तेवढे राहिलेत.

परवा चाचणीसाठी तो लावला होता, तेव्हा मी त्या पडद्याला विचारून पाहिलं. रुग्णालयात गेलेल्या भाडेकरूचं घर जातं का? त्याने हॅल्विनचं नावही घेतलं नाही. मला क्षणभर हायसं वाटलं. मग खाली वाचलं. त्याने आधार दिला होता लामार्शचा. रोझेर लामार्श यांच्या खटल्याचा. तो निर्णय खरा आहे, खऱ्या न्यायाधिकरणाने दिलेला आहे, आणि त्यावर विसंबून दुसऱ्या शहरांतूनही निर्णय आलेले आहेत. हॅल्विन आता पुसून टाकला तरी चालेल. त्याचं काम झालेलं आहे.

मंडळी, मंगळवारी माझ्याकडे एक बाई आल्या. आई नाताळापासून रुग्णालयात आहे, घराला नवं कुलूप लागलंय. घरमालकाच्या नोटिशीत रोझेर यांचं नाव होतं. त्या मला विचारत होत्या, "हा लामार्श कोण? याने असं काय केलं, की माझ्या आईचं घर जावं?" मी त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. सांगून होईपर्यंत बाहेर अंधार पडला. पूर्वी अशा वेळी मी जिना चढून इर्याबाईंकडे गेले असते.

इर्याबाई, तुम्ही उद्या बहिणीकडे राहायला जाताय. तिथे तुमचा दूरध्वनी चालू राहील, एवढीच विनंती करते. आमच्यापैकी काहीजणांना तो लागणार आहे.

संघाने हा समारंभ योजला, कॉफी आणि गोड पुल्ला पावाची उत्तम व्यवस्था केली, मला बोलू दिलं आणि मध्येच थांबवलं नाही, याबद्दल अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर उदार मनाने पोटात घ्या. रोझेर लामार्श यांची आठवण काढली, त्याबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही. ते कोण होते हे विचारलं, तर सांगू शकेल असा माणूस सोमवारनंतर ग्रंथालयाच्या जागेत असणार नाही.

नमस्कार.